कॅन्सस सिटीत बार्बेक्यू: जोज, ब्रायंट्स, गेट्स की जॅक स्टॅक?

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत धुरात मंद शिजवलेल्या मांसाची, म्हणजे बार्बेक्यूची, ही चार नावाजलेली हॉटेलं. एकच जेवण हातात असेल तर आधी ठरवा, तुम्हाला सगळ्यात भारी मांस हवंय, की या शहराची जुनी चव, की घरच्यांना घेऊन निवांत बसायचंय. हे तिन्ही एका जागी मिळत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने सरळ जोज गाठावं. मिशन रोडवरचं जुनं, पेट्रोल पंपातलं. लाईन दाराबाहेर येते, बुकिंग वगैरे नाही आणि रविवारी बंद असतं, त्यामुळे वीकेंडला जाणार असाल तर शनिवारीच, तेही जेवणाच्या वेळेआधी. झी-मॅन सँडविच घ्या, टोस्ट केलेल्या कायझर रोलमध्ये ब्रिस्केटच्या (बीफच्या छातीकडच्या मांसाच्या) चकत्या, वर स्मोक्ड प्रोव्होलोन चीज आणि कांद्याच्या दोन कुरकुरीत रिंगा, पहिल्याच घासात मऊ, कुरकुरीत आणि धुराचा वास असं सगळं एकदम येतं. बीफ खात नसाल तर त्याचंच मशरूमवालं पण मिळतं.

आता ब्रायंट्स. इथे चकाचक काही असेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण हे शहर बार्बेक्यूचं का झालं ते इथेच कळतं. शहराच्या वेस्ट बॉटम्स भागात 1871 पासून 1991 पर्यंत गुरांचा प्रचंड बाजार होता, रेल्वेने जनावरं यायची, कत्तलखाने शेजारीच, त्यामुळे ब्रिस्केटसारखा चिवट भाग स्वस्तात मिळायचा आणि तो मऊ करायचा तर तासन् तास मंद धुरात ठेवण्याशिवाय इलाज नाही. हेन्री पेरीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असं मांस विकायला सुरुवात केली, त्याचा धंदा पुढे ब्रायंट भावांकडे आला आणि 1946 मध्ये आर्थरने तो हातात घेतला. त्यांचा सॉस बाटलीतल्या गोड सॉससारखा अजिबात नाही, आंबट, व्हिनेगरचा, जिभेला पॅप्रिकाची रवाळ भुकटी लागते. काहींना आवडत नाही, मला मात्र बीफवर हाच हवा. ब्रिस्केटच्या चरबीवाल्या टोकाचे काळपट कडा असलेले तुकडे, म्हणजे बर्न्ट एंड्स, इथे पूर्वी काउंटरवर फुकट ठेवलेले असायचे, आज तोच शहराचा सगळ्यात नावाजलेला पदार्थ झालाय. जाताच आहात तर जवळच अठराव्या रस्त्यावर निग्रो लीग्स बेसबॉल म्युझियम (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या जुन्या बेसबॉल लीग्सचं) पण बघून घ्या.

गेट्स पण 1946 चंच, आणि त्यांचा पहिला पिटमास्टर, म्हणजे भट्टीवर मांस शिजवणारा, पेरीकडेच काम केलेला, म्हणजे दोन्ही घरं एकाच मुळातली. दारात पाय ठेवला की काउंटरमागून मोठ्याने "हाय, मे आय हेल्प यू" येतं, गोंधळू नका, काय हवं ते आधीच ठरवून जा. ब्रायंट्सचा आंबटपणा नको असेल तर सॉससाठी इथे या, आणि रिब्ज (बरगड्या) घ्या.

आईबाबा भारतातून आलेत, लाईनमध्ये उभं राहवत नाही, कोणी बीफ खात नाही, कोणी पोर्क, अशा ग्रुपसाठी जॅक स्टॅक. युनियन स्टेशनजवळची फ्रेट हाउसची शाखा मस्त आहे, टेबलावर वाढतात, चिकन मिळतं आणि चीजवाला मका तर लहान पोरं परत परत मागतात. खिशाला मात्र बाकीच्यांपेक्षा जड. बीफ खाणारा कोणी असेल तर त्याला मोठ्या हाडांच्या क्राउन प्राइम रिब्ज मागवून द्या, दोघांत पुरतात.

दोन जेवणं जमत असतील तर शनिवारी दुपारी जोज आणि रविवारी ब्रायंट्स.