ढालीवर बीव्हर की दंतचक्र?

कॅनडातील एका अभियंता संघटनेच्या समितीवर असलेल्या परिचिताने विचारले, की संघटनेच्या नव्या मानचिन्हातील ढालीवर बीव्हर (पाण्याकाठी राहणारा, कुरतडणारा प्राणी) घ्यावा की दंतचक्र. तेथे १९८८ पासून अशी मानचिन्हे देशाचे स्वतःचे हेराल्डिक, म्हणजे मानचिन्हविषयक, प्राधिकरण प्रदान करते.

अर्थाच्या दृष्टीने पाहिले, तर फांद्या, चिखल आणि दगड रचून ओढा अडवणारा बीव्हर बांधकाम, जलव्यवस्थापन आणि चिकाटी एकाच वेळी सुचवतो. दंतचक्र यंत्र अभियंत्याला लगेच आपले वाटते. विद्युत किंवा संगणक शाखेच्या सदस्याला तितकेसे नाही. वेगळेपणात मात्र बीव्हर मागे पडतो, कारण १९३७ मध्ये तो पाच सेंटच्या नाण्यावर आला आणि १९७५ मध्ये राष्ट्रीय प्रतीकही झाला.

खरी कसोटी लागते ती लहान, एकरंगी शिक्क्यावर. हेराल्ड्रीच्या (मानचिन्हशास्त्राच्या) रेखापद्धतीत, म्हणजे रंगांऐवजी रेषा-ठिपके वापरण्याच्या पद्धतीत, सोनेरी रंग ठिपक्यांनी आणि निळा आडव्या रेषांनी दाखवतात. त्यामुळे निळ्या ढालीवरचे सोनेरी चक्र रंगसंगतीच्या नियमात (गडद रंगावर सोनेरी वा रुपेरी आकृती) बसत असले, तरी बोटाच्या पेराएवढ्या शिक्क्यात त्याचे बारीक दाते भोवतीच्या रेषांत हरवतात. शिवाय दात्यांची संख्या अधिकृत वर्णनात लिहिलेली नसेल, तर प्रत्येक चित्रकार ती आपल्या मर्जीने ठरवतो. बीव्हरची खवलेदार, चपटी शेपटी तेवढ्या जागेतही ओळखू येते (अर्थात नवख्या हाती त्याची घूस होते, हेही खरे).

सर्व शाखांच्या संघटनेने बीव्हर घ्यावा. केवळ यंत्र अभियंत्यांच्या संस्थेला आठ ठळक दात्यांचे चक्र पुरेसे आहे.