कॅलासची ‘तोस्का’ घ्यायची तर मोनोच घ्या

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या रेकॉर्डच्या एका दुकानात पुच्चिनीच्या ‘तोस्का’ या ऑपेराचे दोन संच आहेत, दोन्हींत नायिका मारिया कॅलास. एक 1964 चा स्टिरिओ (डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळा आवाज), दुसरा 1953 चा मोनो (दोन्हीकडे एकच). कव्हरवर ‘स्टिरिओ’ दिसलं की गिऱ्हाईक तोच उचलतं. उचलू नका.

मिलानच्या ला स्कालाच्या वाद्यवृंदासह, दे साबाताच्या संचालनाखाली ऑगस्ट 1953 मध्ये हे ध्वनिमुद्रण झालं तेव्हा कॅलास 29 वर्षांची होती. त्याआधी 1949 मध्ये व्हेनिसला तिने वाग्नरच्या ऑपेरातली वजनदार ब्रुनहिल्डची भूमिका गायली आणि लगोलग बेलिनीच्या ऑपेरातली तानांनी भरलेली एल्विरा. दोन्ही पेलणारा तो गळा इथे शाबूत आहे. स्टिरिओ संचात खलनायक स्कार्पिया पुन्हा तितो गोब्बीच, पण कॅलासचा वरचा स्वर लांबला की थरथरतो. जुलै 1965 नंतर ती ऑपेरात उभीच राहिली नाही, 1977 मध्ये पॅरिसमध्ये वारली.

कॅलासचा आवाज गोड म्हणावा असा नाहीच. खालच्या पट्टीत तर पोकळ वाटतो. नाट्यपदांवर कान तयार झालेल्यांनी मात्र दुसरा अंक आधी लावावा. तोस्काने स्कार्पियाचा खून केल्यावर तिची ‘याच्यापुढे सारं रोम थरथरायचं’ ही ओळ खाली एकाच स्वरावर आहे. कॅलास तिथे गाणं जवळजवळ टाकून देते, नुसते शब्द ठेवते. निवडक गाण्यांच्या तबकडीत हे सहसा मिळत नाही.

आता माल. ठाण्याच्या पावसाळ्यात तबकडीला बुरशी धरते. ट्यूबलाइटखाली तिरकी धरा; पांढुरके ठिपके दिसले तर सलग खरखर येणार. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने साबण काढून उभी वाळवा. (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट अजिबात नको, लाख विरघळते.)

मोनोच्या खाचेत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं; धूळ आणि झीज सुईला वर-खालीही उडवते. अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, तो वर-खालीचा आवाज कटतो.

दुकानात वाजवून दाखवतात, पण बाहेरच्या कडेचं मिनिटभरच. प्रत्येक बाजूचा लेबलजवळचा शेवट लावायला सांगा. तिथे खाच सुईखालून सगळ्यात हळू सरकते, त्यामुळे झिजलेल्या सुईने केलेलं नुकसान तिथेच आधी ऐकू येतं. वरचा स्वर फाटला तर संच परत ठेवा, ते धुऊन जात नाही.