चार इयत्ता, एक वर्गखोली आणि मोफत ऑनलाइन साधनं: शाळेत वापरून पाहिल्यानंतर

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते चौथी एकाच खोलीत. पहिलीला अक्षरं गिरवायला द्यायची, चौथीला भागाकार फळ्यावर मांडून द्यायचा, तोवर दुसरीतलं कुणीतरी वही घेऊन टेबलापाशी आलेलं असतं. पालक-शिक्षक संघाने घेऊन दिलेला एक टीव्ही शाळेत आहे. लॅपटॉप आणि मोबाइल माझे. मोबाइलला रेंज मिळते ती व्हरांड्याच्या एका टोकाला, आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही.

शिक्षकांसाठीच्या मोफत साधनांच्या याद्या आमच्या ग्रुपवर सारख्या येत असतात. पाठवणाऱ्याचं मन चांगलंच असतं. पण वर्गात वायफाय आहे आणि प्रत्येक मुलाच्या हातात टॅब आहे, असं धरूनच त्या केलेल्या वाटतात. गेल्या पावसाळ्यापासून मी त्यातली बरीच साधनं वर्गात वापरली. निवडताना तीन गोष्टी बघितल्या: नेट नसताना चालतं का, मराठीत आहे का, आणि मुलांची नावं किंवा खाती मागतं का. या चाळणीतून जे टिकलं त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारख्या एकेकट्याने शाळा चालवणाऱ्या शिक्षिका गोव्यात पुष्कळ आहेत.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो स्टोरीवीव्हरचा. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं हे चित्रकथांचं भांडार आहे. गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीवर पानाला एखाद-दुसरं सोपं वाक्य, चौथ्या पातळीवर सलग मोठी गोष्ट. बहुवर्ग शाळेत ही सोय फार मोलाची आहे, कारण इयत्ता एक असली तरी वाचन एक नसतं. तिसरीतलं एखादं मूल जोडाक्षरापाशी अजून अडखळतं, आणि दुसरीतलं एखादं भरभर वाचून पुढचं पुस्तक मागतं. इयत्ता विसरून पातळी बघून पुस्तक द्यायला लागल्यापासून मागे पडलेल्या मुलांना वाचनाच्या तासाची धास्ती राहिली नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे मराठीबरोबर कोंकणी गोष्टीही आहेत. आमच्याकडची बहुतेक मुलं घरी कोंकणी बोलतात आणि मराठी वाचायला शाळेत येऊन शिकतात. ज्या गोष्टी दोन्ही भाषांत मिळाल्या, त्या मी जोडीने वापरल्या. आधी टीव्हीवर चित्रं दाखवत कोंकणीतून वाचायची, मुलांना पोटभर बोलू द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मराठीतून त्यांच्या हातात द्यायची. काय घडतं हे माहीत असतं, त्यामुळे सगळं लक्ष अक्षरांकडे जातं. पहिलीतली एक मुलगी जूनमध्ये वर्गात तोंड उघडत नव्हती. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी ती ओळीखालून बोट फिरवत एक अख्खी गोष्ट वाचून गेली, आणि मधे एका चित्रापाशी थांबून तिने मलाच कोंकणीतून ते समजावून सांगितलं.

या गोष्टी छापायला, वाटायला, भाषांतर करायलाही परवानगी आहे, फक्त लेखक-चित्रकारांची नावं सोबत ठेवायची. भाषांतर तिथल्या तिथे करून प्रसिद्ध करता येतं. पेडण्याला शिकवणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर मी एक मराठी गोष्ट कोंकणीत आणली. तिची पेडण्याची बोली आणि माझी सत्तरीची, एकेका वाक्यावर फोनवर बराच खल झाला, पण काम झालं याचा आनंद मोठा होता. वापराची पद्धत माझी अशी: घरी नेट असताना पीडीएफ उतरवून घेते, पेनड्राइव्हवर टाकते, आणि पहिल्या दोन पातळ्यांच्या निवडक गोष्टी झेरॉक्स करून दोऱ्याने शिवते. वीज गेली तरी ती पुस्तकं मुलांच्या हातात असतात.

चौथीच्या चांगल्या वाचकांसाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आहेत. हे मासिक १९७१ पासून निघतं, आणि जुने अंक ऑनलाइन मोफत वाचायला मिळतात. सत्तरच्या दशकातल्या अंकांतली भाषा आजच्या मुलांना थोडी जड जाते. म्हणून मी आधी कोडी आणि छोटे लेख काढून देते, गोष्टी मागाहून.

माझ्या स्वतःच्या तयारीसाठी मराठी विश्वकोश उघडते. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली ज्याचं काम सुरू झालं, तो हा विश्वकोश आता सगळा ऑनलाइन आहे. मुलाने विचारलं की काजू आपल्याकडे कुठून आला, किंवा भरती-ओहोटी का येते, तर संध्याकाळी तिथली नोंद वाचते आणि दुसऱ्या दिवशी सोप्या शब्दांत सांगते. काही नोंदी जुन्या आहेत, त्यामुळे लोकसंख्या, उत्पादन असले आकडे तिथून उचलू नयेत. बाकी मजकुराचा कस असा आहे की मोबाइलवर पहिल्या झटक्याला मिळणाऱ्या माहितीची त्याच्याशी तुलनाच नको.

गणित-विज्ञानासाठी फेट, म्हणजे पडद्यावर हाताळून बघायच्या प्रतिकृतींचा संग्रह. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. मोठ्या वर्गांसाठीचं साधन म्हणून मी ते बरेच दिवस उघडलंच नव्हतं. पण त्यात प्राथमिकसाठीही पुष्कळ आहे, बऱ्याच प्रतिकृती मराठीत आहेत, आणि एकेक प्रतिकृती फाइल म्हणून उतरवून घेता येते. मग ती नुसत्या ब्राउझरमध्ये चालते, नेट लागत नाही.

अपूर्णांकांची प्रतिकृती मी चौथीला दाखवली. एक छेद चार मोठा की एक छेद आठ, या प्रश्नाला दरवर्षी अर्धा वर्ग आठवाल्याच्या बाजूने असतो, कारण आठ हा चारापेक्षा मोठा. फळ्यावर वर्तुळं काढून मी हे वर्षानुवर्षं समजावलं आहे, आणि माझी वर्तुळं कधी सारखी येत नाहीत. इथे छेद बदलला की टोपलीतले तुकडे मुलांच्या डोळ्यांदेखत लहान होतात. मी काहीच बोलले नाही. माउस मुलांच्या हातात दिला आणि छेद एकापासून आठपर्यंत वाढवत न्यायला सांगितलं. सहावर येईपर्यंत मागच्या बाकावरून आवाज आला, “टीचर, वाटेकरी वाढले!” मग तेच आकार पट्टीवर, पेल्यात, संख्यारेषेवर बघितले. पुढच्या आठवड्यात कागदाच्या घड्या घालून पुन्हा केलं, आणि खरं पक्कं झालं ते तेव्हा. पडद्यावर बघून समजतं, हाताने करून राहतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी फेट नेहमी आधी आणि हातातलं काम नंतर ठेवते.

सी-सॉची प्रतिकृती तर मुलं मधल्या सुट्टीतही मागतात. फळीवर एका बाजूला मध्यापासून एक मीटरवर दहा किलोची वीट ठेवायची आणि विचारायचं, समोर पाच किलोची वीट कुठे ठेवाल? आधार काढण्याआधी सगळ्यांनी आपला अंदाज पाटीवर लिहायचा. आधार काढला की फळी कलते किंवा स्थिर राहते, वाद तिथेच मिटतो. नंतर शाळेमागे दगडावर फळी ठेवून हेच केलं. पहिलीतली दोन मुलं एका बाजूला, चौथीतला एक दुसऱ्या बाजूला.

अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळाबद्दल नवीन सांगण्यासारखं काही नाही, बहुतेक शिक्षकांना ते माहीत आहे. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी, आणि शेकडो पुस्तकं, त्यात मराठीही. ज्यांनी अजून बघितलं नसेल त्यांनी आजच बघावं.

आता एक विषय, ज्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही: फॉन्ट. पहिलीच्या मुलाला आपण पाकळीचा ल आणि देठाचा श शिकवतो. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला त्यातही हीच रूपं आहेत. पण संगणकावर कार्यपत्रिका तयार केली की बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा उभ्या दांड्याचा ल येतो. मोठ्यांना फरक पडत नाही. नुकतंच अक्षर ओळखायला लागलेलं मूल मात्र ‘कमळ’ वाचतं आणि ‘फूल’पाशी थबकतं. उपाय मोफत आहे. लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा हिंदी असेल तर ती बदलून मराठी करा आणि नोटो सान्स देवनागरी फॉन्ट घ्या, ल आणि श आपोआप आपल्या वळणाचे होतात. त्याचबरोबर जुन्या फॉन्टमधलं टायपिंग सोडून युनिकोडवर या. पूर्वी केलेल्या माझ्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर नुसती चिन्हं होऊन उघडायच्या, आता एका शाळेतली फाइल दुसऱ्या शाळेत जशीच्या तशी वाचता येते. टायपिंग जमत नसेल तर मोबाइलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून मजकूर घ्या आणि नंतर शुद्धलेखन तपासा. तपासणं मात्र टाळू नका.

चाचणीसाठी प्लिकर्स. मुलांच्या हातात फक्त छापील कार्ड असतं, त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. मूल उत्तराची बाजू वर धरतं, मी मोबाइल वर्गावरून फिरवते आणि कोणी काय उत्तर दिलं ते दिसतं. पर्यायाची अक्षरं कार्डावर इतकी बारीक आहेत की शेजाऱ्याचं बघून उत्तर देता येत नाही. यात मुलांची नावं घालायची गरज नाही, मी हजेरीचे क्रमांकच घालते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. मोबाइलला डेटा मात्र लागतो, म्हणून चाचणी व्हरांड्यात.

चौथीच्या परिसर अभ्यासाला गूगल अर्थ. हेही नेटवर चालतं, पण एवढ्यासाठी मी हॉटस्पॉटची खटपट करते. केरीजवळच्या अंजुणे धरणापासून सुरुवात केली, वाळवंटीच्या काठाने साखळीला आलो, ती मांडवीला मिळते तिथून पुढे पणजी आणि मग समुद्र. रोज ज्या पाण्यावरून मुलं शाळेत येतात ते कुठे जातं, हे त्यांनी एका बैठकीत बघितलं. मग टाइमलॅप्स लावला. १९८४ पासूनची उपग्रहचित्रं त्यात वर्षामागून वर्ष सरकतात. डिचोलीकडच्या डोंगरांवर लाल डाग कसे पसरत गेले आणि २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यानंतर काय झालं, हे मुलं गप्प बसून बघत होती. काहींच्या घरात त्या वेळी ट्रक होते. घरी जाऊन त्यांनी विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी आजोबा-काकांकडून ऐकलेलं वर्गात येऊन सांगितलं. एवढा बोलका तास मला पूर्वी क्वचितच मिळाला होता.

चतुर्थीच्या सुट्टीत माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं-फुलं बांधून सजवतात त्या चौकटीचा, उपक्रम केला. माटोळीला बांधतात त्या रानफळांचे आणि फुलांचे फोटो मुलांनी घरच्यांच्या मोबाइलवर काढून आणले: घागऱ्या, कवंडळ, वाघनखी, सुपारीचे घड. ओळख पटवायला प्लांटनेट आणि सीक ही फोटोवरून झाडं ओळखणारी ॲप वापरली. सीकला खातं उघडावं लागत नाही, ही लहान मुलांसाठी मोठी सोय. फुलाचा फोटो असेल तर ॲप बऱ्यापैकी जवळ पोचतं, नुसत्या फळावरून कमी. पण स्थानिक नाव, ते कुठल्या रानात मिळतं आणि त्यातलं विषारी काय, हे आज्यांनीच सांगितलं. वाघनखीला हात लावू नये हे तर पहिल्या दिवशीच सगळ्यांना बजावलं होतं. दोन्ही माहिती एकत्र करून वर्गाची पुस्तिका तयार केली.

काही गोष्टी सोडून दिल्या. एका प्रश्नमंजुषेच्या साइटवर मी खपून प्रश्नसंच तयार केले होते, आणि मध्येच ते उघडायला पैसे मागायला लागले. तेव्हापासून नियम केला आहे: माझं काम ज्याच्यातून साध्या फाइलच्या रूपात बाहेर काढता येत नाही, त्यात मी वेळ घालत नाही. एआय चॅटबॉटकडून गणिताचे सरावप्रश्न बनवून घेते, उत्तरं स्वतः सोडवून बघते. मराठी उतारे मात्र त्याच्याकडून घेणं थांबवलं. वाक्यं शुद्ध दिसतात, पण आमच्या मुलांच्या कानावर कधी न पडलेली असतात, आणि गावांची-सणांची माहिती बेधडक चुकीची येते. दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर प्रशिक्षणासाठी जावंच लागतं, तिथल्या काही चित्रफिती चांगल्या आहेत, पण चित्रफितीला लागणारी रेंज आमच्या शाळेत नाही.

सुरुवात करणाऱ्यांनी एक सोळा जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. त्यात इयत्तेप्रमाणे फोल्डर न करता ‘गोष्टी’, ‘फेट’, ‘कार्यपत्रिका’ असे तीनच करावेत, गोष्टींमध्ये पातळीप्रमाणे आणखी चार. फेटच्या फाइलींना मराठी नाव द्यावं, म्हणजे ऐन तासाला शोधाशोध होत नाही. किवीक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाकून मराठी विकिपीडियाही नेटशिवाय वाचायला त्यावर घेता येतो. शेजारच्या शाळेला स्टोरीवीव्हरच्या गोष्टी आणि फेटच्या फाइली खुशाल द्याव्यात, तशी परवानगी आहे. ‘किशोर’चे अंक मात्र कॉपी करून वाटू नयेत, त्यांचा पत्ता द्यावा.