वाळवलेल्या कांद्याचे काप: सूपला चालतात, भजीला नाहीत

गुजरातमधल्या महुव्याकडचे वाळवलेल्या पांढऱ्या कांद्याचे काप आता वाणसामानात सहज मिळतात. 100 ग्रॅम काप म्हणजे साधारण 800 ग्रॅम ते 1 किलो सोललेला कांदा, त्यामुळे प्रमाण बेतानेच घ्या.

फ्रेंच पद्धतीच्या सूपसाठी 60 ग्रॅम काप पाव लिटर कोमट पाण्यात 20 मिनिटं भिजवा. पिळलेलं पाणी टाकू नका, सगळा वास त्यात उतरलेला असतो. ते सूपमध्येच घाला. काप 2 मोठे चमचे लोण्यावर मंद आचेवर बदामी होईपर्यंत परता. न भिजवता टाकले तर पाणी नसल्यामुळे त्यातली साखर लगेच करपते आणि सूप कडू होतं. चव छान गोडसर येते. पण तासभर परतलेल्या ताज्या कांद्याचा रेशमी मऊपणा मात्र येत नाही.

सुक्या खोबऱ्याच्या वाटणात हे काप फारच उत्तम! खोबरं आणि काप वेगवेगळे भाजा.

भजीला घेऊच नका. मीठ लावल्यावर ताज्या कांद्याला सुटणारं पाणीच बेसन धरून ठेवतं, ते इथे नाही.

विकत घेताना पाकिटावरच्या घटकांत फक्त कांदा हवा, रंग फिकट हवा. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, नाहीतर गोळे होतात.