६० लिटरची सॅक आणि माझी ४१ सेंटिमीटरची पाठ

मागच्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडावरून पाचनईकडे उतरताना माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून मी एकदाही खांद्याचे पट्टे अंगठ्यांनी उचलून धरलेले नाहीत. ज्यांनी चुकीची सॅक दिवसभर वागवली आहे त्यांना यातला आनंद सांगावा लागणार नाही. सॅक घेऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात तीन मुक्कामी ट्रेक झाले, म्हणून आता तिच्याबद्दल लिहायला हरकत नाही.

आधीची सॅक मी ऑनलाइन मागवली होती, ७० लिटरची. नागपूरहून सह्याद्री म्हणजे रात्रभराची गाडी आणि पुढे एसटी. जाणं वर्षातून एकदोनदाच होतं, तेव्हा घ्यायचीच तर मोठी घेऊ, असा माझा हिशेब होता. माझी उंची पाच फूट एक इंच. ती सॅक घातली की वरचं झाकण डोक्याच्या वर जायचं आणि कमरपट्टा कमरेवर न बसता मांड्यांच्या सुरुवातीला यायचा. पट्टा घट्ट केला तर पाऊल उचलताना आवळायचा, म्हणून मी तो सैलच ठेवायचे. सगळं वजन खांद्यांवर.

तीच सॅक घेऊन नागपंचमीच्या वेळी पचमढीला नागद्वारीच्या यात्रेला गेले. ही वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जाते, त्यामुळे वर्षातले ते थोडेच दिवस उघडी असते, आणि विदर्भातून तिथे किती माणूस जातो हे इकडच्यांना सांगायला नको. पावसात निसरड्या दगडांवरून, लोखंडी शिड्यांवरून चढायचं. माझे खांदे दुपारपर्यंत लाल झाले होते, डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत होत्या. एका ठिकाणी बसले असताना अमरावतीकडच्या एक आजी शेजारी टेकल्या. त्यांचं गाठोडं पाठीवर होतं, पण लुगड्याच्या पट्टीने कमरेला आवळून बांधलेलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वझं खांद्यावर लोंबू देऊ नको व बाई, कमरेले बांध." आणि "हर हर महादेव" म्हणत उठून गेल्यासुद्धा. घरी आल्यावर वाचत बसले, तेव्हा कळलं की मोठ्या सॅकची सगळी रचनाच आजींच्या त्या एका वाक्यावर उभी असते. वजनाचा बराच मोठा भाग कमरेच्या हाडांनी घ्यायचा, खांद्यांनी फक्त सॅक पाठीशी धरून ठेवायची. बायका पाण्याची घागर कमरेवर घेतात, त्याच हाडांवर.

म्हणून लिटरच्या आधी पाठ मोजा. डोकं पुढे वाकवलं की मानेच्या मुळाशी एक हाड ठळक लागतं, तिथून सुरुवात. दोन्ही हात कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर ठेवून अंगठे मागे वळवले की त्यांच्या मधोमध जी रेषा येते, तिथे शेवट. लेकीने शिवणाच्या टेपने मोजली, माझी भरली ४१ सेंटिमीटर. उंचीवरून हा अंदाज येत नाही. माझ्यापेक्षा चार इंच उंच असलेल्या नणंदेची पाठ माझ्याहून फक्त दोन सेंटिमीटर जास्त निघाली, तिची उंची सगळी पायांत आहे.

या वेळी सॅक दुकानात जाऊनच घेतली, नागपूरच्या बर्डी बाजाराच्या आतल्या गल्लीतल्या. जाताना घरून एकेक लिटरच्या आठ बाटल्या भरून नेल्या. रिकामी सॅक आरशासमोर घालून काही कळत नाही, कारण रिकामी असताना सगळ्याच छान बसतात. दुकानातल्या मुलाने आधी बाटल्यांकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, ७५ वाली घेऊन टाका ना, सगळंच मावते." मी त्याला पाठीचं माप सांगितलं. त्यावर त्याने काउंटरमागच्या काकांना हाक मारली, आणि तिथून पुढचा पाऊण तास त्या माणसाने जो दिला, त्यासाठी त्या दुकानाला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

काकांनी बाटल्या सॅकमध्ये तळाला टाकू दिल्या नाहीत. खाली दुकानातली एक स्लीपिंग बॅग कोंबली, तिच्यावर पाठीला चिकटून बाटल्या, बाहेरच्या बाजूला जॅकेट. मग सगळे पट्टे सैल करून सॅक पाठीवर दिली आणि क्रम शिकवला. आधी कमरपट्टा, हाडांच्या वरच्या कडेला मधोमध धरून घट्ट. मग खांद्याचे पट्टे, नुसते टेकतील इतपत. मग खांद्यांवरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणाऱ्या दोन लहान दोऱ्या, ज्या ओढल्या की मागे पडणारं वजन पुढे येतं. छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी. तिसऱ्या सॅकला खांद्यावर बोटभर जागा उरली आणि पट्टा बरोबर कमरेवर आला. त्या सॅकची पाठ वेल्क्रोवर सरकते, माझ्यासाठी ती खालून दुसऱ्या खुणेवर आहे. काकांनी मला दुकानाचा जिना चार वेळा चढ-उतर करायला लावला. शेजारच्या गिऱ्हाइकांनाही त्यांनी थांबवून ठेवलं, हे मला विसरता येत नाही.

सॅक ५० लिटरची, वरचं झाकण उंचावलं की आणखी १०. वजन १.९ किलो, साडेसात हजारांना पडली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव वाचून कोणी मागवली आणि पाठ ४८ सेंटिमीटरची असली तर माझ्यासारखेच हाल व्हायचे.

६० लिटर पुरतात का, हा सगळ्यांचा प्रश्न असतो. हरिश्चंद्रगडाला देवळाजवळच्या गुहेत झोपलो, तरी वाटेत अंधार झालाच तर म्हणून टेंट बरोबर होता. सॅक धरून माझं ओझं असं होतं: स्लीपिंग बॅग १.४ किलो, मॅट ४०० ग्रॅम, टेंटचा माझा वाटा १.३, पाणी ३, खाणं दीड (पोळ्या, तिळाची चटणी, मुरमुरे, संत्रा बर्फी), कपडे १.२, टॉर्च-औषधं-मग मिळून अर्धा. एकूण ११.२ किलो. शरीराच्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंत ओझं ठीक, असं सर्वसाधारण मानतात, आणि मी ५६ किलोची आहे. बरोबर काठावर. झाकण उंचवावं लागलंच नाही. ७० लिटरमध्ये मी हेच सामान नेऊन वर "असू दे" म्हणत तीन किलो भरायचे.

जाळीची ताणलेली पाठ असलेली सॅकही घालून पाहिली होती. आपल्या उन्हाळ्यात ती मोहात पाडते, पाठीला वारा लागतो. पण जाळीमुळे सामान पाठीपासून दूर जातं आणि चढावर मागे ओढल्यासारखं होतं, निदान मला तरी झालं. मी फोमचीच घेतली. पाठ भिजते, नागपुरातल्याच सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर सरावाला सकाळी सहाला निघाले तरी भिजते. ते मला चालतं.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. बाजूच्या खिशातली बाटली सॅक न उतरवता हाताला येत नाही, प्रत्येक वेळी कोणाला तरी "जरा देता का" म्हणावं लागतं. कमरपट्ट्याच्या खिशात माझा फोन मावत नाही, गोळ्या आणि लिमलेटची पाकिटं तेवढी राहतात. रेन कव्हर आहे, पण जोराच्या पावसात पाणी पाठीच्या बाजूने उतरून आत येतंच. छिंदवाड्याकडच्या तामियाजवळ पावसात सापडले तेव्हा स्लीपिंग बॅगचं टोक ओलं झालं. तेव्हापासून सॅकच्या आत आधी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी आणि सामान तिच्यात.

आणि एक गोष्ट खास आपल्या घरांसाठी. जुनी सॅक मी उन्हाळाभर कूलरच्या खोलीत कपाटावर ठेवली होती. जूनमध्ये काढली तर आतला जलरोधक थर चिकट होऊन सोलून निघत होता. दमट हवेत हा थर कुजतो. गॅलरीत ठेवावी तर उन्हाने कापड कमजोर होतं. नवी सॅक ट्रेकहून आली की पंख्याखाली दोन दिवस उलटी टांगते आणि मग कूलर नसलेल्या खोलीत, पट्टे सैल करून, सुती चादरीत.

दुकानात जायचं तर आडवारी दुपारी जा. रविवारी संध्याकाळी बर्डीवर पाय ठेवायला जागा नसते आणि काकांना तुमच्यासाठी पाऊण तास काढता येणार नाही. ट्रेकला जे बूट घालणार तेच घालून जा, आणि बाटल्या घरूनच भरून न्या.