ओव्हरक्लॉक न होणारा प्रोसेसर आणि जळगावचे एक दुरुस्तीचे दुकान

अमळनेरला मी घरबांधणीच्या नकाशांवरून त्रिमितीय दृश्ये तयार करून देण्याचे काम करतो. घरमालकाला पायाभरणीच्या आधीच आपले घर कसे दिसेल ते पाहायचे असते, आणि ते चित्र उमटण्यासाठी लागणारा जवळजवळ सगळा वेळ प्रोसेसरच्या वेगावर ठरतो, कारण माझे रेंडर, म्हणजे ते चित्र तयार होण्याचे काम, ग्राफिक्स कार्डावर नव्हे, तर प्रोसेसरवर चालते. म्हणूनच नवे मशीन घेताना मी चार पैसे जास्त मोजून इंटेलचा कोअर आय५-१२६००के हा प्रोसेसर आणि झेड६९० चिपसेटचा (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड घेतला होता. पुढे वेग कारखान्याने ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर वाढवून घेता यावा, म्हणजेच प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता यावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. प्रत्यक्षात आठ महिने तो वेग काही वाढला नाही. शेवटी जळगावच्या ज्या दुकानात या दुखण्याचे मूळ सापडले, त्या दुकानाच्या कामाविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण आपल्याकडे या प्रकारचे काम समजून करणारी माणसे फार थोडी आहेत.

तक्रार अशी होती. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन सहाही परफॉर्मन्स कोअरचा (प्रोसेसरमधल्या मुख्य, वेगवान गाभ्यांचा) गुणक मी ५० केला, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या मूळ घड्याळाला ५० ने गुणून ५ गिगाहर्ट्झ. मशीन व्यवस्थित सुरू होई, विंडोजमध्ये नवा आकडाही दिसे, आणि मला वाटे की काम झाले. पण रेंडर सुरू होताच तो आकडा घसरत घसरत ४.१ च्या आसपास येऊन बसे. पाच असो की साडेचार, काहीही भरले तरी भाराखाली उत्तर तेच. ज्या दुकानातून मशीन जोडून घेतले होते, तिथे तीनदा हेलपाटे घातले. प्रोसेसरचा नगच कमी प्रतीचा निघाला असेल, असे पहिल्यांदा सांगण्यात आले. तिसऱ्यांदा थेट मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाला. दोन्ही वेळा मशीनला एकही मोजमाप लावले गेले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

जळगावचे दुकान नव्या बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही, आणि भरलेले कॅबिनेट घेऊन जिना चढणे सोपे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फेब्रुवारीत मी धरणगावमार्गे गाडीने गेलो तेव्हा कॅबिनेट मागच्या सीटवर आडवे ठेवले होते, कारण उभ्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसर थंड ठेवणारा जवळजवळ किलोभर वजनाचा कूलर मदरबोर्डाला लटकलेला असतो आणि रस्त्याचे खड्डे त्याला मानवत नाहीत. दुकानात दोन टेबले, त्यांवर चार उघडी मशीन, आणि दाराशी एक शेतकरी काका लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेऊन ‘आज भेटी का?’ असे विचारत बसलेले. दुकानाचे मालक चाळिशीच्या आतले आहेत आणि सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मीही तेच म्हणू लागलो.

भाऊंनी स्क्रू काढण्याआधी प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावेत इतके नेमके होते. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटच्या अक्षरांत ‘के’ आहे का? नसेल तर इंटेलच्या नेहमीच्या प्रोसेसरचा गुणक वर नेता येत नाही आणि पुढची सगळी खटपट व्यर्थ असते. मदरबोर्ड झेड मालिकेचा आहे का? बी६६० सारख्या बोर्डावर मेमरीचा वेग वाढवता येतो, पण कोअरचा गुणक वाढवता येत नाही, आणि एच६१० वर तेवढेही नाही. एएमडीच्या बाबतीत बहुतेक रायझेन प्रोसेसर मोकळे असतात, पण ए३२० किंवा ए५२० चिपसेटचा बोर्ड असेल तर ओव्हरक्लॉकिंगचा रस्ता तिथेच बंद होतो. त्यांच्याकडे ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण या दोन प्रश्नांतच अडतात, असे ते म्हणाले. मी दोन्हीत उत्तीर्ण झालो. तिसरा प्रश्न विंडोजमधल्या पॉवर प्लॅनचा होता: प्रोसेसरची कमाल मर्यादा कुणी ९९ टक्के करून ठेवली असेल तर टर्बो, म्हणजे गरजेप्रमाणे आपोआप वाढणारा वेग, बंद पडतो आणि प्रोसेसर आपल्या पायाभूत वेगाच्या वर जातच नाही. माझ्याकडे ती १०० होती.

त्यानंतर त्यांनी जे केले ते मला सर्वांत आवडले. त्यांनी माझ्या सगळ्या सेटिंग पुसून बायोस मूळ स्थितीला नेले. मी म्हणालो, ‘भाऊ, तक्रार तर ओव्हरक्लॉकची आहे.’ त्यांनी उत्तर दिले, ‘आधी मशीन आपल्या मूळ वेगाने धावते का ते बघू. जे मुळात धावत नाही, त्याला पळायला कसे सांगणार?’ एका बाजूला प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची चाचणी आणि दुसऱ्या बाजूला तापमान-वेग दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोचा तक्ता असे त्यांनी पडद्यावर मांडले. चाचणी सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत तापमान १०० अंशांना टेकले, आणि तक्त्यातल्या तापमान-मर्यादेच्या ओळीसमोर ‘नो’ जाऊन ‘येस’ आले. १०० अंश ही या प्रोसेसरची सुरक्षा-मर्यादा आहे. तिथे पोचल्यावर तो स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. म्हणजे माझे मशीन ओव्हरक्लॉक होत नव्हते एवढेच नाही, तर ते कारखान्यातून आलेल्या वेगानेही चालत नव्हते, आणि हे आठ महिन्यांत मला कुणी दाखवले नव्हते. या प्रोसेसरचा कमाल म्हणून सांगितला जाणारा ४.९ चा आकडा एकदोन कोअर कामात असतानाचा असतो. सर्व सहा कोअर एकदम राबू लागले की मूळ सेटिंगला ४.५ मिळायला हवे होते, आणि मला ४.१ मिळत होते.

कूलर काढल्यावर कारण डोळ्यांसमोर आले. प्रोसेसरच्या धातूच्या टोपीवर लावलेली, उष्णता कूलरपर्यंत नेणारी थर्मल पेस्ट एका बाजूला भाकरीवरच्या लोण्यासारखी जाड राहिली होती, दुसऱ्या कडेला नखाएवढी पुसट पट्टी उमटली होती, आणि मधला भाग तर कूलरच्या तळाला नीट टेकलाच नव्हता. भाऊंनी मोबाइलच्या टॉर्चमध्ये ते मला दाखवले आणि मग कूलर मदरबोर्डाला धरून ठेवणारी, त्याच्या खालची पट्टी हातात दिली. ती जुन्या एलजीए१२०० सॉकेटची (मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेची) होती. त्या सॉकेटच्या छिद्रांमधले अंतर ७५ मिलिमीटर असते, तर माझ्या एलजीए१७०० चे ७८ मिलिमीटर. काही मदरबोर्डांवर सोयीसाठी दोन्ही मापांची छिद्रे दिलेली असतात, त्यामुळे जुनी पट्टी बसते आणि बसवणाऱ्याला सगळे ठीक वाटते. पण नव्या सॉकेटमध्ये प्रोसेसरची टोपी सुमारे पाऊण मिलिमीटर खाली असते, म्हणून जुन्या पट्टीचा दाब तिच्यापर्यंत पुरेसा पोचत नाही. पाऊण मिलिमीटरच्या या फटीसाठी मला मदरबोर्ड बदलायला सांगितले गेले होते.

योग्य पट्टी दुकानात नव्हती. ती मागवायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी मी पुन्हा गेलो, आणि पुढचे काम माझ्या समोर झाले. नवी पट्टी आणि नवी पेस्ट लावल्यावर मूळ वेगाला तापमान ७६ अंशांवर स्थिरावले आणि सहाही कोअर ४.५ वर टिकले. मग गुणक ५० केला, तेव्हा दुसरा अडथळा निघाला. वेग ४.८ च्या आसपास चालत होता आणि भाऊ भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. मिनिट पूर्ण व्हायच्या आत तो एका झटक्यात ४.५ वर उतरला, तापमान मात्र अजून ऐंशीच्या घरात होते. ‘ही उष्णता नाही, ही विजेची मर्यादा,’ असे ते लगेच म्हणाले. बोर्डाने थोडा वेळ १५० वॅट आणि ५६ सेकंदांनंतर कायमचे १२५ वॅट अशी मर्यादा लावून ठेवली होती. तक्त्यात या वेळी तापमानाची नव्हे, तर वीजमर्यादेची ओळ ‘येस’ दाखवत होती. एकाच लक्षणाची ही दोन कारणे मी स्वतः कधीही वेगळी करू शकलो नसतो.

मर्यादा वाढवल्यावर ५ गिगाहर्ट्झ मिळाले, पण चाचणीच्या सातव्या मिनिटाला विंडोज कोलमडून निळा पडदा आला. भार वाढला की कोअरला मिळणारे व्होल्टेज थोडे खाली झुकते, आणि त्या वेगाला ते पुरत नव्हते. व्होल्टेज वाढवून ५ गाठता आले असते. भाऊंनी ते करण्यास स्वच्छ शब्दांत नकार दिला. एअर कूलर, खान्देशचा उन्हाळा आणि ग्राहकाचे रोजचे काम या तीन गोष्टी धरून ते ४.८ वर थांबले. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान इंटेलच्या नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही, हेही त्यांनी काम सुरू करण्याआधी सांगितले होते. ४.८ वर अर्धा तास चाचणी चालवून त्यांनी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरच्या चुकांची नोंद झाली आहे का, ते तपासले. नोंद नव्हती.

आता हिशेब सांगतो. माझे एक नेहमीचे दृश्य पूर्वी ५२ मिनिटे घेई. कूलर नीट बसवल्यावर, मूळ वेगाला, ते ४७ मिनिटांत होते, ४.८ वर ४४ मिनिटांत. म्हणजे मला जी आठ मिनिटे मिळाली, त्यांपैकी पाच ओव्हरक्लॉकची नाहीतच, ती माझीच होती आणि एका चुकीच्या पट्टीमुळे वाया जात होती. भाऊंनी हे तीन आकडे कागदावर लिहून दिले आणि बायोसमध्ये दोन प्रोफाइल साठवून ठेवले, एक ४.८ चे आणि एक मूळ वेगाचे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ पर्यंत चढतो, पत्र्याखालच्या खोलीत तर विचारायलाच नको, आणि खोली जितकी तापते जवळजवळ तितकाच प्रोसेसरही वर सरकतो. त्या दोन महिन्यांत तीन मिनिटांसाठी मशीन होरपळू नका, असे त्यांनी बजावले. मी होळीनंतर मूळ वेगावर आलो आहे.

उणिवाही आहेत आणि त्या लिहिणे भाग आहे. फोन सहसा लागत नाही. काम सुरू असताना भाऊ तो उचलत नाहीत, आणि पट्टी आल्याचा निरोप मला मिळालाच नाही, मीच चौकशी केली. बिलावर कामाचा तपशील आधी नव्हता, मागितल्यावर मिळाला. सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे बायोस पुसल्यावर मेमरीचे एक्सएमपी प्रोफाइल (मेमरी तिच्या सांगितलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) पुन्हा चालू करायचे त्यांच्याकडून राहून गेले. घरी आल्यावर पाहिले तर ३२०० ची मेमरी २१३३ वर चालली होती. संध्याकाळी फोन लागला तेव्हा त्यांनी चूक लगेच मान्य केली, आणि एकेक पायरी सांगत माझ्याकडूनच ते प्रोफाइल सुरू करून घेतले. त्यानंतर पुन्हा अर्धा तास चाचणी चालवून निकालाचा फोटो पाठवायला लावला.

तपासणीचे ५०० रुपये, पट्टी आणि पेस्ट धरून एकूण १,४०० रुपये झाले. जाताना आपल्या कूलरचा खोका आणि त्यातल्या उरलेल्या पट्ट्या सोबत न्याव्यात. माझी योग्य पट्टी त्याच खोक्यात, घरच्या माळ्यावर पडून असल्याचे मला नंतर आढळले, आणि भाऊंनी ती मागवलेली पट्टी परत घेऊन तिचे पैसे दिले.