मेकॅनिकल कीबोर्डसाठी रबरी ओ-रिंग: उपयोग आणि मर्यादा
मेकॅनिकल कीबोर्डचा खटखटाट कमी करण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या रबरी ओ-रिंगकडून किती अपेक्षा ठेवावी, हे सर्वस्वी कीबोर्डमधल्या स्विचवर, म्हणजे प्रत्येक कळेखालच्या स्प्रिंगच्या यंत्रणेवर, अवलंबून असते. प्रत्येक कीकॅप (कळेची वरची प्लास्टिकची टोपी) काढून तिच्या आतल्या दांड्यावर ही कडी चढवायची असते. १०४ कळांच्या कीबोर्डवर हे काम कंटाळवाणे आहे, आणि त्यासाठी प्लास्टिकच्या चिमट्यापेक्षा तारेचा चिमटा घ्यावा, कारण त्याने कीकॅपच्या कडांवर सहसा ओरखडे उठत नाहीत.

चेरी कंपनीच्या एमएक्स रेडसारख्या, टिकटिक न करणाऱ्या स्विचवर कळ तळाला आपटताना होणारा आवाज या कड्यांमुळे स्पष्टपणे मंदावतो. मात्र कळ वर परततानाची टकटक तशीच राहते, आणि मुद्दाम टिकटिक करणारा ब्लू स्विच तर कळ तळाला पोचण्याआधीच, आतल्या सरकत्या तुकड्यामुळे वाजत असल्याने तिथे हा खर्च जवळजवळ व्यर्थ आहे. शिवाय कळेचा ४ मिलिमीटरचा प्रवास किंचित घटतो आणि जाड कडी लावल्यास बोटांना तळ लिबलिबीत लागतो. माझ्या मते पातळ कडीच बरी. स्पेसबारचा खडखडाट बहुधा स्टॅबिलायझरच्या (लांब कळ समतोल ठेवणाऱ्या भागाच्या) तारेचा असतो; त्याला ग्रीसच हवे.

नवा कीबोर्ड घ्यायचाच असेल, तर ३.७ मिलिमीटर प्रवासाचा सायलेंट रेड स्विच अधिक समाधानकारक ठरतो, कारण त्यात दोन्ही दिशांचे आघात आतच शोषले जातात. जुन्या रेड किंवा ब्राऊन (दाबताना हलका अडथळा जाणवणाऱ्या) स्विचसाठी ही कडी पुरेशी आहे; सोबत कीबोर्डखाली जाड मॅट अंथरल्यास टेबलातून घुमणारा आवाजही उतरतो.